नेट स्लो आहे, पण नेमकं कुठे?

नेट अडकलं की बहुतेक घरांत एकच क्रम ठरलेला असतो. पलंगावर लोळत मोबाइलवर स्पीड टेस्ट मारायची, प्लॅन २०० चा असताना आकडा ३२ आला म्हणून चिडायचं आणि कंपनीला फोन लावायचा. पलीकडून ‘सर, राउटर एकदा बंद करून चालू करा’ हे ऐकायचं. तसं केल्यावर थोडा वेळ बरं चालतं, विषय मिटतो आणि रात्री जेवणं आटोपून सगळे टीव्हीसमोर बसले की पुन्हा ते चक्र गरगरायला लागतं.

दोष कंपनीचा असेलही, नसेलही. मोबाइलवरचा तो ३२ चा आकडा ते सांगूच शकत नाही. मोबाइल आणि राउटर यांच्यामधली हवा, खुद्द राउटर, तिथून फायबरच्या डब्यापर्यंतची वायर, दारातून बाहेर गेलेली फायबर, खांबावरचा स्प्लिटर (एक फायबर अनेक घरांत वाटणारा), कंपनीचं केंद्र आणि शेवटी ज्याच्याशी चाचणी झाली तो सर्व्हर, इतक्या टप्प्यांतून जाऊन तो आकडा आलेला असतो. यातला सगळ्यांत मंद टप्पा जेवढं जाऊ देतो, तेवढा आकडा दिसतो. टप्पा कुठला, हे त्यातून कळत नाही. म्हणून टप्पे सुटे करायचे, एकेक मोजायचा आणि जो अडलाय त्याच्यावरच हात टाकायचा. नवा राउटर, मेश (घरभर ठेवायचे, एकमेकांशी बोलणारे राउटर), वरचा प्लॅन ही खरेदी त्यानंतरची. वरचा प्लॅन हा तर सगळ्यांत सहज विकला जाणारा आणि सगळ्यांत कमी वेळा लागू पडणारा उपाय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी आकड्यांचा घोळ मिटवू

कंपनी वेग विकते मेगाबिटमध्ये आणि कॉम्प्युटर फाइल मोजतो मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे १०० एमबीपीएसच्या (सेकंदाला १०० मेगाबिटच्या) प्लॅनवर फाइल उतरताना जास्तीत जास्त सेकंदाला १२.५ मेगाबाइट दिसणार, प्रत्यक्षात अकरा-बारा. ‘शंभरचा प्लॅन घेतला आणि अकराच येतात’ ही तक्रार घेऊन भांडायला जाऊ नका, ते बरोबर आहे.

दुसरं, आपल्याला लागतं किती? नेटफ्लिक्स आपल्या ४के चित्रासाठी १५ एमबीपीएस पुरेसे सांगतं, फुल एचडीसाठी ५. ग्रुपमधल्या चांगल्या प्रतीच्या झूम कॉलला तीन-चार एमबीपीएस वर (अपलोड) आणि साधारण तितकेच खाली (डाउनलोड) लागतात. एका घरात दोन टीव्ही ४के वर चालू आहेत, दोघं मीटिंगमध्ये आहेत आणि एकजण रील्स बघतोय असं धरलं तरी बेरीज पन्नासच्या आसपास थांबते. खेळाचं शंभर जीबीचं अपडेट उतरवायचं असेल तर मोठ्या प्लॅनचा फरक पडतो, नाहीतर १०० च्या प्लॅनवर मीटिंग तुटत असेल तर ती ३०० च्या प्लॅनवरही तुटेल.

पहिलं मोजमाप वायरवर

लॅपटॉप लॅन वायरने थेट राउटरला जोडा आणि वायफाय बंद करा. लॅपटॉपला लॅनचं भोक नसेल तर यूएसबीवर चालणारा अडॅप्टर मिळतो. घेताना गिगाबिटचाच (१००० एमबीपीएसचा) घ्या. ऑफिसचं व्हीपीएन बंद ठेवा, नाहीतर तुम्ही घराचं नव्हे, ऑफिसच्या सर्व्हरचं नेट मोजत बसाल. घरातल्या बाकीच्यांना दहा मिनिटं मोबाइल वायफायवरून काढायला सांगा. हे सगळ्यांत अवघड काम.

चाचणी दोन वेगळ्या ठिकाणी करा. ऊकलाची स्पीडटेस्ट जवळचा सर्व्हर निवडते आणि तो बऱ्याचदा तुमच्याच कंपनीच्या जाळ्यात बसलेला असतो, त्यामुळे आकडा छान येतो. नेटफ्लिक्सने २०१६ मध्ये सुरू केलेली फास्ट डॉट कॉम ही चाचणी त्यांच्या स्वतःच्या व्हिडिओ सर्व्हरवरून माल उतरवून बघते. पहिलीत १९० आणि दुसरीत ६० आले, तर तुमची फायबर ठीक आहे, कंपनीचा बाहेरच्या जगाशी असलेला रस्ता अरुंद आहे. हीच चाचणी एकदा सकाळी आणि एकदा रात्री नऊ-दहाच्या सुमारास करा. सकाळी भरभरून आणि रात्री निम्मं, म्हणजे कंपनीच्या बाजूला गर्दी आहे.

वायरवर प्लॅनएवढा वेग मिळाला, तर कंपनी सुटली. दोष घरात आहे, आणि बहुतेक वेळा तो वायफायचा असतो.

वायरवरही वेग कमी आला, तर तो किती कमी आला याकडे नीट बघा. प्लॅन २०० किंवा ३०० चा आहे आणि आकडा वारंवार ९३-९४-९५ वर येऊन अडतोय, तर तो योगायोग नाही. त्याचा अर्थ कुठेतरी १०० एमबीपीएसचा जुना इथरनेट जोड तयार झालाय. नेटवर माल छोट्या छोट्या पाकिटांत जातो; शंभरातून या पाकिटांवरच्या पत्त्यांचा आणि मोकळ्या जागेचा खर्च वजा जाता ९४ च्या आसपास उरतात. कारणं मुख्यतः दोन. एक, राउटरचं भोकच १०० चं आहे. खोक्यावर ‘एसी १२००’ असं ठसठशीत छापलेलं असतं, पण ते १२०० म्हणजे वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्याचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झ पट्ट्याचे ८६७ यांची कागदोपत्री बेरीज, तीही वर ढकलून पूर्ण केलेली. मागच्या भोकांचा वेग खोक्याच्या कडेला बारीक अक्षरात असतो. बाजारात स्वस्त मिळणाऱ्या पुष्कळ राउटरना आजही १०० चीच भोकं आहेत, त्यामुळे ३०० चा प्लॅन घेतलेल्या घरात मागून ९४ च आत येतात आणि पुढे हवेत १२०० ची जाहिरात चालते.

दुसरं कारण वायर. लॅनच्या वायरीत आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. १०० च्या वेगाला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. १०० ला न लागणाऱ्या चार तारांपैकी एखादी क्रिम्पिंगमध्ये (टोकाला कनेक्टर बसवताना) नीट बसली नाही, दाराच्या फटीत चेपली किंवा उंदराने कुरतडली, तर दोन्ही यंत्रं गपचूप १०० वर उतरतात. नेट बंद पडत नाही, म्हणून कुणाला पत्ताच लागत नाही. विंडोजच्या सेटिंगमध्ये इथरनेटच्या गुणधर्मात ‘लिंक स्पीड’ दिसते. तिथे १०००/१००० ऐवजी १००/१०० असेल तर वायर बदलून बघा. बाजारातली साधी कॅट ५ई वायर १०० मीटरपर्यंत गिगाबिट नेते. फ्लॅटमध्ये कॅट ८ विकणाऱ्या दुकानदाराला हसून नमस्कार करा. फक्त ती शुद्ध तांब्याची आहे ना, एवढं विचारा. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर स्वस्त पडते, पण लवकर तुटते आणि लांब अंतरावर दगा देते.

हवेतला टप्पा

वायफायबद्दल एक गोष्ट कळली की बाकीची कोडी आपोआप सुटतात: एका चॅनेलवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकतं. राउटर बोलत असेल तेव्हा मोबाइल गप्प, मोबाइल बोलेल तेव्हा टीव्ही गप्प. आणि त्याच चॅनेलवर शेजारच्या फ्लॅटचा राउटर असेल तर तोही याच पाळीत असतो. म्हणून हवेत मोजायचा असतो वेळ. लांबच्या खोलीतला, जेमतेम रेंज असलेला मोबाइल हळू बोलतो, म्हणजे तेवढ्याच कामाला जास्त वेळ घेतो आणि राउटरशेजारी बसलेल्या लॅपटॉपचाही वेग खाली ओढतो. कोपऱ्यातल्या खोलीतली कमकुवत रेंज ही त्या खोलीपुरती अडचण राहत नाही, ती सगळ्या घराची होते.

आता दोन पट्टे. २.४ गिगाहर्ट्झ लांब पोचतो, भिंती बऱ्यापैकी ओलांडतो, पण अरुंद आहे. त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. सोसायटीत मोबाइलवर यादी उघडली की वीस-तीस नावं सहज दिसतात, ती सगळी या तीन चॅनेलांवर दाटीवाटीने बसलेली असतात. त्यातच ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्हही याच पट्ट्यात काम करतात. सकाळी डबा गरम करताना मीटिंगमध्ये आवाज तुटतो त्याचं कारण हे असू शकतं. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा पुष्कळ रुंद आहे. आपल्याकडे ऑक्टोबर २०१८ मध्ये सरकारने त्याचा मोठा भाग विनापरवाना वापराला मोकळा केला. मात्र तो भिंतींना लवकर हार जातो.

प्रत्यक्ष आकड्यांत: साध्या दोन अँटेनांच्या मोबाइलला २.४ वर २० मेगाहर्ट्झ रुंदीत कागदावर १४४ एमबीपीएसचा जोड मिळतो, हाती निम्मे लागतात आणि गर्दीच्या इमारतीत वीस-तीसही. त्याच मोबाइलला त्याच खोलीत ५ वर ८० मेगाहर्ट्झ रुंदीत ८६७ चा जोड मिळतो आणि हाती चारशे-पाचशे येतात. सुरुवातीच्या त्या ३२ चा खुलासा बहुतेक वेळा इथेच होतो, मोबाइल २.४ ला चिकटून बसलेला असतो. राउटरमध्ये दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळी नावं देऊन एकदा खात्री करून घ्या. (नावापुढे लागणाऱ्या ‘५जी’चा मोबाइलच्या ५जीशी काही संबंध नाही. ‘माझ्या फोनला ५जी नाही म्हणून मी त्याला जोडत नाही’ असं म्हणणारे काका प्रत्येक सोसायटीत असतात.)

रेंजच्या कांड्यांवर विश्वास ठेवू नका, डीबीएम या सिग्नलच्या ताकदीच्या मापात मोजा. अँड्रॉइडवर वायफाय अ‍ॅनलायझर प्रकारची फुकट अ‍ॅप्स आहेत, मॅकवर ऑप्शनची कळ दाबून वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं की आकडा दिसतो, आयफोनवर अ‍ॅपलचंच एअरपोर्ट युटिलिटी अ‍ॅप घेऊन सेटिंगमध्ये त्याचा वायफाय स्कॅनर चालू करावा लागतो. आकडे उणे असतात. उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल निर्धोक चालतो, उणे ७५ च्या खाली गेलात की तक्रारी सुरू. दर ३ ने उतरलं की ताकद निम्मी आणि दर १० ने उतरलं की दहावा हिस्सा, हे लक्षात ठेवून घरभर फिरा. कुठली भिंत किती खाते ते अर्ध्या तासात कळतं. विटांच्या पार्टिशनमध्ये थोडं जातं. आरसीसीच्या भिंतीत आणि स्लॅबमध्ये लोखंडी सळ्या असल्यामुळे पुष्कळ जातं. लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याचं पिंप यांच्या मागे तर सावलीच पडते. कोकणात जांभ्या दगडाच्या चिऱ्यांच्या घरात किंवा पुण्यातल्या जुन्या वाड्याच्या हातभर जाड भिंतीत ५ गिगाहर्ट्झकडून पलीकडच्या खोलीत काही अपेक्षाच ठेवू नये.

आणि राउटर असतो कुठे? दाराशेजारी, चपलांच्या कपाटावर किंवा टीव्हीच्या मागे, कारण वायरमनने तिथे भोक पाडलं. अर्धी रेंज जिन्यातल्या लोकांना आणि शेजाऱ्यांना जाते. फायबरचा डबा दाराशी राहू द्या, त्याला हलवायची गरज नाही. डब्यातून एक लॅन वायर काढून राउटर घराच्या मध्याजवळ, उघड्यावर, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर न्या. फायबरचा डबा आणि राउटर एकाच खोक्यात असतील तर तिथे त्याचं वायफाय बंद करून आपला वेगळा राउटर मध्यावर लावता येतो. फुकटातल्या किंवा शे-दोनशे रुपयांतल्या उपायांत याच्याइतका गुण दुसऱ्या कशाचाही येत नाही.

राउटरच्या सेटिंगमध्ये दोनच गोष्टी हाताने लावा. २.४ ची रुंदी ४० वरून २० मेगाहर्ट्झ करा आणि चॅनेल १, ६, ११ पैकी ज्यावर लांबचे, कमजोर शेजारी असतील तो घ्या. ‘तीन नंबर मोकळा दिसतोय’ म्हणून ३ वर जाऊ नका. तो १ आणि ६ या दोघांवरही अर्धवट चढतो, तुम्हालाही त्रास आणि त्यांनाही. ५ वर बहुतेक वेळा स्वयंचलित निवड चालते.

घर मोठं असेल, दुमजली असेल, तर एका राउटरने भागत नाही. इथे लोक पहिल्यांदा रेंज पुढे ढकलणारा रिपीटर घेतात. तो ज्या रेडिओवर ऐकतो त्याच रेडिओवर पुढे बोलतो, म्हणजे प्रत्येक गोष्ट हवेत दोनदा बोलली जाते आणि वेग निम्म्यावर येतो. वर तो जिथे रेंज नाही तिथे लावला जातो, म्हणजे त्यालाच नीट ऐकू येत नाही. मेश त्याहून बरी, विशेषतः आपसातल्या बोलण्याला वेगळा रेडिओ असलेली. पण माझं मत विचाराल तर एक लॅन वायर कुठल्याही मेशपेक्षा सरस. भिंत फोडायची गरज नसते. बऱ्याच फ्लॅटमध्ये हॉलपासून बेडरूमपर्यंत जुन्या केबल टीव्हीचा पाइप भिंतीतून गेलेला असतो आणि आत बिनकामाची वायर पडलेली असते. इलेक्ट्रिशियन त्या जुन्या वायरलाच नवी बांधून ओढून घेतो किंवा स्प्रिंग टाकतो. विजेच्या पाइपातून मात्र लॅन नेऊ नका. पाइप नसेल तर कोपऱ्याने पांढरी केसिंग पट्टी. पलीकडच्या टोकाला माळ्यावर टाकलेला जुना राउटर जोडा: वायर त्याच्या लॅनच्याच भोकात घाला, त्याचं डीएचसीपी (यंत्रांना पत्ते वाटण्याचं काम) बंद करा, त्याला पहिल्या राउटरहून वेगळा पत्ता द्या. झाला दुसरा वायफाय, वेगात कपात न होता.

वेग भरपूर, तरी कॉल तुटतो

आता त्या घरांकडे येऊ जिथे स्पीड टेस्ट १९५ दाखवते आणि तरीही मीटिंगमध्ये ‘तुमचा आवाज तुटतोय’ ऐकू येतं. इथे एमबीपीएस ही मोजपट्टीच चुकीची आहे. कॉलला लागते वेळेची खात्री: प्रत्येक छोटं पाकीट ठरावीक वेळात पोचायला हवं. त्याचं माप म्हणजे पिंग, मिलिसेकंदांत.

हे तपासायला विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या शेजारी उघडा. एकीत राउटरचा पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, पिंग करत ठेवा. दुसरीत गूगलचा ८.८.८.८. कमांडच्या शेवटी वजाचं चिन्ह आणि टी लावलं की ती आपण थांबवेपर्यंत चालू राहते. मग रोजचं काम सुरू करा आणि आवाज तुटला की त्या क्षणी कुठल्या खिडकीतला आकडा उडाला ते बघा. राउटरचाच पिंग दोनवरून दोनशेवर गेला, तर गोंधळ हवेत आहे, मागच्या भागातले उपाय करा. राउटरचा शांत राहिला आणि बाहेरचा उडाला, तर अडथळा राउटरच्या पुढे आहे. घरबसल्या होणाऱ्या तपासण्यांत मला ही सगळ्यांत जास्त आवडते, कारण ती भांडण मिटवते.

बाहेरचा पिंग उडतो त्याचं एक मोठं कारण कंपनीकडे नसून तुमच्याच घरात असतं. मीटिंग चालू असताना मोबाइलने लग्नाचे चारशे फोटो आणि व्हिडिओ परस्पर गूगल फोटोजवर चढवायला घेतलेले असतात. किंवा दारावरचा कॅमेरा सतत वर चित्रण पाठवत असतो. अपलोडचा रस्ता भरतो आणि राउटर जादा पाकिटं आपल्या साठवणीत रांगेने उभी करतो. रेल्वेच्या तिकीट खिडकीवर तुम्हाला पुढच्या स्टेशनाचं एक तिकीट हवंय आणि तुमच्या पुढच्या गृहस्थाने अख्ख्या वऱ्हाडाची तिकिटं काढायला घेतली आहेत, तशी गत. खिडकीवरचा माणूस झपाट्याने काम करतोय, दिवसाअखेरीस सर्वाधिक तिकिटं त्याचीच खपली असतील, पण तुमची गाडी गेली.

ही रांग एवढी वाढते कशी? नेटवर माल पाठवणारं यंत्र रस्त्याची कुवत ओळखतं ती पाकिटं गळण्यावरून. पाकीट गळालं की ते आपला वेग कमी करतं. मेमरी स्वस्त झाली तशी कंपन्यांनी राउटरमध्ये मोठमोठ्या साठवणी घातल्या, एकही पाकीट गळू नये या चांगल्या हेतूने. परिणाम असा की पाठवणाऱ्याला धोक्याची सूचनाच मिळत नाही, तो पाठवत राहतो आणि रांग शेकडो मिलिसेकंदांची होते. जिम गेटीस या अभियंत्याने २०१० च्या सुमारास स्वतःच्या घरच्या नेटवर हे शोधून काढलं आणि त्याला बफरब्लोट हे नाव रूढ झालं. २०१२ मध्ये कॅथलीन निकल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी त्यावर कोडेल ही युक्ती मांडली. रांग किती लांब आहे हे न बघता पाकीट रांगेत किती वेळ उभं आहे ते बघायचं. १०० मिलिसेकंदांच्या अवधीत एकदाही ही वाट पाहण्याची वेळ ५ मिलिसेकंदांच्या खाली आली नाही, तर एखादं पाकीट मुद्दाम गाळायचं, म्हणजे पाठवणारा शुद्धीवर येतो. तिला जोडून प्रत्येक कामाची वेगळी रांग लावणारी एफक्यू-कोडेल आली, ती आज लिनक्स या संगणकप्रणालीच्या मुळातच आहे.

तुमच्या घरात हे घडतंय का? फास्ट डॉट कॉमवर चाचणी संपल्यावर अधिक माहितीचं बटण दाबा. तिथे मोकळ्या आणि भरलेल्या रस्त्यावरचा विलंब वेगवेगळा दिसतो. मोकळा ६ आणि भरलेला ३०-४० असेल तर ठीक. भरलेला तीन-चारशे दिसला तर कॉल तुटण्याचं कारण सापडलं.

उपाय राउटरमध्ये आहे. सेटिंगमध्ये एसक्यूएम (रांगेला अशी शिस्त लावणारी सोय) दिसलं तर ते चालू करा आणि अपलोड-डाउनलोडची मर्यादा वायरवर मोजलेल्या खऱ्या वेगाच्या नव्वद टक्क्यांवर लावा. रांग कंपनीच्या यंत्रात न लागता तुमच्या राउटरमध्ये लागायला हवी, म्हणून ही दहा टक्क्यांची कपात. २०० चे १८० होतील. त्या वीसचा कुणालाही पत्ता लागणार नाही, कॉलला मात्र लागेल. राउटरमध्ये ही सोय नसेल तर ओपन-डब्ल्यूआरटी हे फुकट सॉफ्टवेअर चालणाऱ्या मॉडेलांची यादी बघून पुढचा राउटर निवडा. तोवर साधा इलाज: फोटोंचा बॅकअप फक्त रात्री, आणि कॅमेऱ्याची प्रत एक पायरी खाली. ज्यांची जोडणी फायबरची नसून गच्चीवरच्या ५जी अँटेनावरून येते, त्यांना हा त्रास जास्त होतो, कारण तिथे अपलोड डाउनलोडच्या मानाने बराच कमी असतो.

दाराबाहेर

घरच्या फायबरचं तंत्र बहुतेक ठिकाणी जीपॉन असतं. कंपनीच्या केंद्रातून निघालेल्या एका फायबरवर खाली सुमारे २.५ गिगाबिट आणि वर १.२५ गिगाबिट जातात, आणि ती फायबर स्प्लिटरमध्ये ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. सगळे एकदम पूर्ण वेगाने उतरवत नाहीत या हिशेबावर हे चालतं. रात्री नऊ ते अकरा हा हिशेब कधी कधी चुकतो, त्यापेक्षा अधिक वेळा कंपनीने पुढे घेतलेला रस्ता कमी पडतो.

फायबरच्या डब्यावर लाल एलओएस दिवा (प्रकाश पोचत नाही असं सांगणारा) लागला तर नेट पूर्ण बंद होतं, ते सगळ्यांना कळतं. मधली अवस्था फसवी असते: प्रकाश पोचतोय, पण क्षीण. वायरमन ज्याला ‘पॉवर’ म्हणतो ती हीच. डब्याच्या सेटिंगपानावर ऑप्टिकल विभागात ‘आरएक्स पॉवर’ दिसते. उणे १५ ते उणे २५ असेल तर उत्तम, उणे २७ ही साधारण शेवटची सीमा. उणे २६ वर नेट अधूनमधून तुटत राहतं आणि स्पीड टेस्टच्या वेळी नेमकं बरं असतं. कारण फर्निचरमागे काटकोनात दाबलेली वायर, पावसाळ्यात झाडाच्या फांदीने ताणलेली फायबर, खांबावरचा कच्चा जॉइंट किंवा कनेक्टरच्या टोकावरची धूळ. हिरव्या टोकाचा कनेक्टर निळ्यात घुसवलेला असतो तेव्हाही हेच होतं, दोघांच्या टोकांचा घासलेला कोन वेगळा असतो. ती वायर तुम्ही मात्र काढू-घालू नका, आणि टोकाकडे डोळा लावून बघू नका. त्यातला प्रकाश दिसत नाही, पण असतो.

डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदलून वेग वाढतो, हे अर्धसत्य आहे. १.१.१.१ किंवा ८.८.८.८ लावल्याने पान उघडायची सुरुवात थोडी लवकर होऊ शकते, डाउनलोड वाढत नाही. ‘नेट बूस्टर’ नावाची मोबाइल अ‍ॅप्स काढून टाका, ती जाहिराती दाखवायला तुमचंच नेट वापरतात.

काही विलंब कुणालाच कमी करता येत नाही. काचेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. पुण्यातून मुंबईचा सर्व्हर काही मिलिसेकंदांवर असतो. कॅलिफोर्नियातल्या लेकीशी बोलताना मात्र सरळ रेषेतच साडेतेरा हजार किलोमीटरच्या आसपास अंतर आहे; जाऊन-येऊन किमान १३५ मिलिसेकंद, आणि केबल सरळ रेषेत नसल्यामुळे दोनशेच्या वरच. तो अर्ध्या श्वासाचा उशीर तुमच्या राउटरचा नाही. वर्सोव्याला किनाऱ्यावर येणाऱ्या समुद्राखालच्या केबलांवर हे सगळं अवलंबून आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ केबल तुटल्या, तेव्हा युरोपातल्या सर्व्हरवर काम करणाऱ्यांचं नेट इथे मंदावलं होतं, घरचा डबा कितीही वेळा बंद-चालू केला तरी.

तक्रार करायचीच वेळ आली

आधी प्लॅनची अट वाचा. ‘अनलिमिटेड’च्या खाली वाजवी वापराची मर्यादा असते, मोठ्या कंपन्यांकडे बहुधा महिन्याला ३३०० जीबी, छोट्यांकडे कमी. ती ओलांडली की वेग उतरवतात आणि पहिल्या तारखेला किंवा बिलाच्या दिवशी सगळं आपोआप सुरळीत होतं. आणखी एक: कायद्याच्या व्याख्येतलं ब्रॉडबँड म्हणजे किमान किती, याचा आकडा पूर्वी ५१२ केबीपीएस होता, जानेवारी २०२३ मध्ये तो २ एमबीपीएस झाला. त्या आकड्याच्या जोरावर भांडून फार काही पदरात पडणार नाही. भांडायचं ते प्लॅनमध्ये लिहून दिलेल्या वेगावर.

फोनवर ‘नेट स्लो आहे’ एवढंच म्हटलं तर बंद-चालू करायलाच सांगतील. ‘लॅन वायरवर, वायफाय बंद ठेवून, तीन रात्री साडेनऊला मोजलं, २०० च्या प्लॅनवर ४० येतात, सकाळी १९० येतात, आरएक्स पॉवर उणे २१ आहे’ असं सांगितलं की पलीकडचा सूर बदलतो, कारण त्याच्या यादीतले पहिले पाच प्रश्न तुम्ही आधीच उडवलेले असतात. चाचण्यांचे स्क्रीनशॉट तारीख-वेळेसह ठेवा आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, लिहून घ्या. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीला तक्रार केंद्राच्या वर अपील ऐकणारा अधिकारी नेमावा लागतो. त्याचा पत्ता कंपनीच्या वेबसाइटवर असतो. केंद्राने मुदतीत दाद दिली नाही तर ३० दिवसांच्या आत त्याच्याकडे फुकट अपील करता येतं, आणि त्या अर्जात डॉकेट नंबर लागतो.